कामगारांच्या मालकीचे कॉफी हाऊस : ए. के. गोपालन

भारतातील अनेक शहरांत ‘इंडियन कॉफी हाऊस’ या नावाची उपाहारगृहे आहेत. पांढरा गणवेश, कमरेला रुंद पट्टा आणि डोक्यावर पंख्यासारखा तुरा असलेला फेटा, अशा वेशातील सेवक तेथे ग्राहकांपुढे कॉफीचा कप आणून ठेवतात. प्रथमच आलेल्या माणसाला वाटते, हे कोणा मोठ्या मालकाचे नोकर असावेत. प्रत्यक्षात या उपाहारगृहांना असा कोणी मालक नसतो. तेथे काम करणारे कामगारच एका सहकारी संस्थेचे सभासद असतात. आपले कार्यकारी मंडळ ते आपल्यातूनच निवडतात आणि संस्थेचा कारभार आपणच चालवतात. नोकरी गमावलेल्या कामगारांना मालकीपर्यंत नेणाऱ्या या वाटेवर ज्या नेत्याने त्यांचा हात धरला, त्यांचे नाव ए. के. गोपालन. सारा केरळ त्यांना ‘ए.के.जी.’ या तीन अक्षरांनी ओळखतो.

गोपालन यांचा जन्म 1 ऑक्टोबर 1904 रोजी उत्तर केरळमधील आजच्या कण्णूर जिल्ह्यात झाला. त्या काळी हा प्रदेश मलबार या नावाने ओळखला जाई आणि तो ब्रिटिशांच्या मद्रास इलाख्यात मोडत असे. त्यांचे घराणे नंबियार या सवर्ण, जमीनदार समाजातले होते. थलश्शेरी येथे शिक्षण झाल्यावर त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला आणि काही वर्षे तो निष्ठेने केला. मुलांना शिकवता शिकवता त्यांना भोवतालचा समाजही दिसत होता. शेतात राबणाऱ्याला पोटभर अन्न मिळत नव्हते आणि ज्याच्या श्रमावर गाव जगत होते, त्यालाच गावच्या रस्त्यावरून चालण्याची बंदी होती. खादीचा प्रसार आणि दलितांची उन्नती या कामांत ते ओढले गेले. 1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि तुरुंगवास पत्करला.

त्या काळातील केरळमध्ये अस्पृश्यतेचे रूप अत्यंत उग्र होते. केवळ स्पर्शानेच नव्हे, तर ठराविक अंतराच्या आत आल्यानेही विटाळ होतो, असे मानले जाई. देवळात जाण्याची तर गोष्टच नको. देवळाकडे जाणारे रस्तेही दलितांना बंद होते. पय्यन्नूरजवळ कंडोत येथे अशाच एका रस्त्यावरून दलित बांधवांना सोबत घेऊन जाताना गोपालन यांना जबर मारहाण झाली. 1 नोव्हेंबर 1931 रोजी गुरुवायूर येथील प्रसिद्ध श्रीकृष्ण मंदिर सर्व हिंदूंना खुले व्हावे यासाठी सत्याग्रह सुरू झाला. के. केळप्पन हे त्याचे नेते होते आणि स्वयंसेवकांच्या तुकडीचे नेतृत्व गोपालन यांच्याकडे होते. तेथेही त्यांना मार खावा लागला. सत्याग्रहाला तत्काळ यश आले नाही. मंदिराची दारे सर्वांसाठी 1947 मध्ये उघडली. परंतु जन्माने मिळालेला मोठेपणा नाकारून वंचितांच्या बाजूला उभे राहण्याचा धडा गोपालन यांनी येथेच गिरवला. तो त्यांना आयुष्यभर पुरला.

मंदिराचे दार उघडले तरी उपाशी माणसाची भूक भागत नाही, हेही त्यांच्या लवकरच ध्यानात आले. 1930 नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले होते आणि मलबारमध्ये बेकारी व उपासमार वाढली होती. 1936 मध्ये गोपालन यांनी मलबारपासून मद्रासपर्यंत एक भूक मोर्चा काढला. शेकडो मैलांचे अंतर मोर्चेकऱ्यांनी पायी तुडवले. वाटेतील गावोगावी सभा झाल्या. लोकांनी मूठ-मूठ धान्य दिले आणि आपली दुःखेही सांगितली. राजधानीतील सरकारच्या दारात भुकेचा प्रश्न नेऊन ठेवणे, हा या मोर्चाचा हेतू होता. काँग्रेसमधून काँग्रेस समाजवादी पक्षात आणि तेथून 1939 च्या सुमारास कम्युनिस्ट पक्षात असा त्यांचा प्रवास झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वेल्लोरच्या तुरुंगातून निसटून ते भूमिगत राहिले. 15 ऑगस्ट 1947 रोजी देश स्वातंत्र्याचा उत्सव साजरा करत होता, तेव्हाही ते तुरुंगातच होते.

स्वतंत्र भारतातही त्यांची स्थानबद्धता संपली नाही. प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली मद्रास सरकारने त्यांना डांबून ठेवले. नव्या राज्यघटनेने नागरिकाला दिलेल्या स्वातंत्र्याच्या हक्काचा आधार घेऊन त्यांनी 1950 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. ‘ए. के. गोपालन विरुद्ध मद्रास राज्य’ हा खटला आजही कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला अभ्यासावा लागतो. न्यायालयाच्या बहुमताचा निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. परंतु न्यायमूर्ती फजल अली यांनी त्या वेळी मांडलेला वेगळा विचार पुढे वजनदार ठरला आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा तोच व्यापक अर्थ सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये मनेका गांधी खटल्यात स्वीकारला. तो दिवस पाहण्यास गोपालन हयात नव्हते. 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते लोकसभेवर निवडून आले आणि कम्युनिस्ट गटाचे नेते झाले. विरोधी पक्षांमध्ये हाच गट सर्वांत मोठा होता.

याच काळात त्यांच्यापुढे कॉफी हाऊसच्या कामगारांचा प्रश्न आला. तो समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

बाबा बुदन नावाच्या सूफी साधूने सतराव्या शतकात अरबस्तानातून कॉफीच्या सात बिया आणल्या आणि कर्नाटकातील चिक्कमगळूरच्या डोंगरात त्या लावल्या, असे परंपरा सांगते. पुढे एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी कूर्ग, वायनाड, निलगिरी या डोंगराळ भागांत कॉफीचे मोठे मळे उभे केले. यातील बरीच कॉफी परदेशी जात असे. जागतिक मंदीत तिची मागणी घटली आणि मळेवाले अडचणीत आले. तेव्हा देशातच कॉफी पिणारे वाढावेत, असा विचार पुढे आला. 1935 च्या कायद्याने कॉफीवर उपकर बसवण्यात आला आणि त्या पैशातून कॉफीच्या प्रसारासाठी एक समिती नेमण्यात आली. या समितीने 1936 मध्ये मुंबईत चर्चगेट येथे पहिले ‘इंडिया कॉफी हाऊस’ उघडले. पुढे युद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद झाली, तेव्हा सरकारने कायदा करून कॉफी मंडळ स्थापन केले आणि या उपाहारगृहांचा कारभार त्याच्याकडे आला. 1940 नंतरच्या दशकात देशभर अशी सुमारे पन्नास कॉफी हाऊसे चालू होती.

ही उपाहारगृहे लवकरच लोकप्रिय झाली. थोड्या पैशात उत्तम कॉफी मिळे आणि एका कपावर तासन्‌तास बसले, तरी कोणी उठवत नसे. विद्यार्थी, पत्रकार, लेखक, चित्रकार, राजकीय कार्यकर्ते तेथे जमू लागले. कोलकात्यात कॉलेज स्ट्रीटवरील जुन्या अल्बर्ट हॉलमध्ये 1942 मध्ये सुरू झालेले कॉफी हाऊस तर बंगालच्या बौद्धिक जीवनाचे केंद्र बनले. दक्षिण भारतातील अनेक हॉटेलांत त्या काळी ब्राह्मणांसाठी वेगळी जागा राखून ठेवलेली असे. अशा काळात, जात न विचारता सर्वांना एकाच प्रकारच्या कपात कॉफी देणाऱ्या जागेला सामाजिक महत्त्व होते.

मात्र 1950 नंतरच्या दशकाच्या मध्यावर कॉफी मंडळाचे धोरण बदलले. उपाहारगृहे बंद करण्याचा निर्णय झाला आणि कामगारांच्या हाती नोकरी संपल्याची सूचना पडू लागली. ज्यांनी कॉफीची चव देशाला लावली, त्यांच्याच घरची चूल विझण्याची वेळ आली. त्यांच्यापैकी अनेकांना दुसरे कोणतेही काम येत नव्हते. कित्येकांची उमेदीची वर्षे या कामातच गेली होती.

कॉफी मंडळाच्या कामगारांची संघटना होती आणि गोपालन तिचे मार्गदर्शक होते. अशा वेळी कामगार नेत्यापुढे नेहमीचे दोन मार्ग असतात. एक, निर्णय मागे घ्या म्हणून लढत राहणे. दुसरा, जाणाऱ्या कामगारांना जास्तीत जास्त भरपाई मिळवून देणे. पहिल्या मार्गाने मंडळाचे मन वळेलच, याची खात्री नव्हती. दुसऱ्या मार्गाने मिळणारे पैसे थोड्याच महिन्यांत संपले असते आणि मग बेकारी ठरलेली होती. गोपालन यांनी तिसऱ्या मार्गाचा आग्रह धरला. मंडळाला उपाहारगृहे चालवायची नसतील, तर ती कामगारांकडे सोपवावीत. कामगार सहकारी संस्था स्थापून ती स्वतः चालवतील.

हा विचार ऐकायला सोपा होता. पण त्यात मोठे धाडस होते. कामगारांकडे भांडवल नव्हते. जागेचे भाडे, दूध, साखर, कॉफीची भुकटी, भांडीकुंडी या साऱ्यांसाठी पैसा लागणार होता. हिशेब ठेवणे, माल खरेदी करणे, कायद्याप्रमाणे नोंदणी करणे या कामांची बहुतेकांना सवय नव्हती. आजवर तोटा झाला तर तो मंडळाचा होता. आता तो आपल्या माथी येणार होता. शिवाय मनाचाही एक अडसर होता. वर्षानुवर्षे हुकूम ऐकण्याची सवय झालेल्या माणसाला, आपणच निर्णय घ्यायचा, ही कल्पना आधी भीतीच दाखवते. ज्या नेत्याने आयुष्यभर मालकांविरुद्ध लढायला शिकवले, तोच आता कामगारांना मालकीची जबाबदारी घ्यायला सांगत होता. हक्क मागण्यासाठी जेवढे धैर्य लागते, तेवढेच तो पेलण्यासाठीही लागते, याची ही कसोटी होती.

कामगार या कसोटीला उतरले. आंदोलनाच्या रेट्यामुळे कॉफी मंडळाला उपाहारगृहे कामगारांच्या संस्थांकडे देण्यास मान्यता द्यावी लागली. 19 ऑगस्ट 1957 रोजी बंगळूर येथे कॉफी कामगारांची पहिली सहकारी संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी दिल्लीत कामगारांनी स्वतःचे कॉफी हाऊस सुरू केले. ‘इंडिया कॉफी हाऊस’चे नाव आता ‘इंडियन कॉफी हाऊस’ झाले. नावात एकाच अक्षराची भर पडली होती. परंतु सरकारी मंडळाचा व्यवसाय आता कामगारांचा झाला होता. 8 मार्च 1958 रोजी केरळमध्ये त्रिशूर येथे कॉफी हाऊसची सुरुवात झाली आणि त्याचे उद्घाटन गोपालन यांच्याच हस्ते झाले. नोकरी गमावलेले कामगार एन. एस. परमेश्वरन पिळ्ळै यांनी केरळमधील या कामात पुढाकार घेतला होता. 1958 संपेपर्यंत पुदुच्चेरी, लखनौ, जबलपूर, कोलकाता, थलश्शेरी यांच्याबरोबर महाराष्ट्रातील मुंबई, पुणे आणि नागपूर येथेही कामगारांची कॉफी हाऊसे उभी राहिली. बावीस वर्षांपूर्वी ज्या मुंबईत या उपाहारगृहांचा आरंभ झाला होता, त्याच शहरात आता कामगार स्वतःच्या हिमतीवर कॉफी विकू लागले.

या संस्थांची रचना समजून घेण्यासारखी आहे. खासगी कंपनीत ज्याचे भाग अधिक, त्याचा शब्द मोठा असतो. सहकारी संस्थेत प्रत्येक सभासदाला एकच मत असते. त्यामुळे भट्टीपुढे उभा राहणारा स्वयंपाकी आणि गल्ल्यावर बसणारा व्यवस्थापक यांचे मत सारख्याच मोलाचे ठरते. कारभार पाहणारी समिती सभासद निवडतात आणि काम पसंत नसेल तर पुढच्या निवडणुकीत ती बदलतात. व्यवसायातून जे उरते, ते कोणा दूरच्या भांडवलदाराच्या तिजोरीत जात नाही; संस्था वाढवण्यासाठी आणि कामगारांच्या हितासाठी ते वापरता येते. नफ्याची घाई नसल्यामुळे पदार्थांचे दर सामान्य माणसाला परवडतील असे ठेवता येतात. अशा रीतीने कामगाराची प्रतिष्ठा आणि ग्राहकाची सोय ही दोन्ही एकाच व्यवस्थेतून साधतात.

गोपालन या यशावर विसावले नाहीत. त्यांचे मन कायम शेतकरी आणि भूमिहीन यांच्याकडे धाव घेई. 1961 मध्ये इडुक्कीच्या डोंगराळ भागातील हजारो शेतकऱ्यांना त्यांच्या जमिनीवरून हटवून अमरावती या ठिकाणी नेऊन सोडण्यात आले. भर पावसात त्या कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर नव्हते. गोपालन तेथे गेले आणि त्यांनी उपोषण आरंभले. कम्युनिस्टांचे कडवे विरोधक म्हणून ओळखले जाणारे कॅथलिक धर्मगुरू फादर वडक्कन हेही या प्रश्नावर त्यांच्या बाजूने उभे राहिले. निराधारांचे दुःख समोर असताना पक्ष आणि पंथ यांच्या भिंती बाजूला ठेवता येतात, हे त्या वेळी दिसले. 1964 मध्ये कम्युनिस्ट पक्षात फूट पडली, तेव्हा गोपालन मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात गेले. 1952 पासून सलग पाच निवडणुका जिंकून ते लोकसभेचे सभासद राहिले. त्यांच्या पत्नी सुशीला गोपालन यांनीही कामगार चळवळीत आणि संसदेत मोलाचे काम केले.

जून 1975 मध्ये देशात आणीबाणी लागू झाली. वय सत्तरीपार गेले होते आणि प्रकृती ढासळली होती. तरीही जुलैमध्ये लोकसभेत उभे राहून गोपालन यांनी आणीबाणीला स्पष्ट विरोध केला. पंचवीस वर्षांपूर्वी व्यक्तिस्वातंत्र्यासाठी न्यायालयात गेलेला माणूस त्याच तत्त्वासाठी पुन्हा बोलत होता. याच आणीबाणीच्या काळात दिल्लीतील कॉनॉट प्लेसचे गजबजलेले कॉफी हाऊस पाडण्यात आले. मोकळेपणी बोलणाऱ्या लोकांची ती जागा होती. पुढे जवळच मोहनसिंग प्लेस या इमारतीत कॉफी हाऊस सुरू झाले. 22 मार्च 1977 रोजी तिरुवनंतपुरम येथे गोपालन यांचे निधन झाले. आदल्याच दिवशी आणीबाणी उठली होती.

त्यांच्या निधनानंतरही कामगारांची कॉफी हाऊसे चालू राहिली. केरळमध्ये त्यांचा विस्तार विशेष झाला. तेथे अनेक रुग्णालयांच्या आणि कार्यालयांच्या आवारातही ती आहेत. तिरुवनंतपुरम येथे रेल्वे स्थानकाजवळचे कॉफी हाऊस नामवंत वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी साकारले. विटांच्या त्या गोल इमारतीत एक उतार वळत वळत वर जातो आणि त्याच्या कडेने टेबले मांडलेली आहेत. कमी खर्चात सुंदर बांधकाम करणारे बेकर आणि कमी दरात चांगली कॉफी देणारे कामगार यांचा हा मेळ शोभून दिसतो.

या वाटचालीत अडचणी आल्या नाहीत असे मात्र नाही. मोठ्या शहरांत जागेची भाडी वाढली, नवनवीन खासगी उपाहारगृहे आली आणि काही ठिकाणची कॉफी हाऊसे तोट्यात जाऊन बंद पडली. केरळमधील कॉफी हाऊसांत दीर्घकाळ फक्त पुरुषच काम करत राहिले. समतेच्या विचारातून जन्मलेल्या संस्थेत स्त्रियांसाठी दार उशिरा उघडावे, ही उणीवच म्हणावी लागेल. सहकारी संस्था केवळ नोंदणी केल्याने न्यायी होत नाही. सभासदांची जागरूकता, हिशेबातील स्वच्छता आणि नव्या माणसांना सामावून घेण्याची तयारी यांच्या बळावरच ती टिकते. ज्या संस्थांनी हे सांभाळले, त्या अनेक दशकांनंतरही उभ्या आहेत.

ए. के. गोपालन यांच्या जीवनात मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह, भूक मोर्चा, न्यायालयातील झुंज आणि कॉफी हाऊसची उभारणी या गोष्टी वरवर वेगवेगळ्या दिसतात. त्यांना जोडणारे सूत्र मात्र एकच आहे. ज्याला दाराबाहेर उभे केले आहे, त्याला आत येण्याचा आणि आतल्या कारभारात बोलण्याचा हक्क मिळाला पाहिजे, असे ते मानत. दयेने दिलेली मदत माणसाला काही दिवस जगवते. मालकीचा वाटा त्याला ताठ मानेने उभे करतो. कॉफी हाऊसच्या कामगारांच्या बाबतीत त्यांनी हे तत्त्व व्यवहारात आणून दाखवले.